ज्याला दुसरे दार नाही

गेल्या महिन्यात आमच्या मामेभावाचा फोन आला. "भाईजान, तुम्ही मासिकात लिहिता. एक अर्ज लिहून हवा होता, जरा चांगल्या मराठीत." आम्हाला वाटले, मुलाच्या दाखल्याचे किंवा रेशनकार्डाचे काही असेल. पण अर्ज महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला द्यायचा होता. विषय त्यानेच सांगितला: शेजारच्या कोळीवाड्यात वाळत घातलेल्या मासळीच्या दुर्गंधीमुळे रहिवाशांना होणारा त्रास.

मामेभाऊ खारदांड्याला लागून असलेल्या एका नव्या इमारतीत नवव्या मजल्यावर राहतो. आखातात सतरा वर्षे नोकरी करून आणि गावची कलमांची बाग विकून त्याने हा लहानसा फ्लॅट घेतला. खिडकीतून समुद्र दिसतो. समुद्र दिसतो म्हणून त्याने जास्त पैसे मोजले. त्या इमारतीत मुसलमानांचे घर त्याचे एकट्याचेच. सोसायटीच्या बैठकीत अर्जाचा विषय निघाला, तेव्हा कोणीतरी म्हणाले की तुमच्या नात्यात लिहिणारे आहेत ना, मग मसुदा तुमच्याकडेच. त्याने मान डोलावली.

आम्ही त्याला लगेच नाही म्हटले नाही. एवढेच म्हणालो, "आधी येऊन बघतो, मग लिहितो." वाचकहो, आम्ही गेलो आणि जे पाहिले त्यातून अर्ज काही झाला नाही, हा लेख झाला.

खार स्टेशनवरून रिक्षाने कार्टर रोडला उतरावे आणि समुद्र डावीकडे ठेवून उत्तरेला चालत जावे. या रस्त्याला आता संगीतकार नौशाद अलींचे नाव आहे. ते इथेच राहत असत. सकाळी या बाजूला पळणारी, कुत्री फिरवणारी, कॉफी पिणारी माणसे दिसतात. ओहोटी असली की खालचे काळे खडक उघडे पडतात. पुढे इमारती मागे सरतात, गल्ली अरुंद होते आणि दांडा लागतो. मासळीचा बाजार, टोपल्या, बर्फ, दारात जाळे शिवत बसलेले म्हातारे. किनाऱ्यावर बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील लोंबत होते. वास होता, खोटे कशाला बोला.

पण तो वास नाकात शिरला आणि आम्हाला आमची अम्मी आठवली.

अम्मीचे माहेर रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातले. तिचे वडील, म्हणजे आमचे नाना, दालदी मच्छीमार. हयातभर दर्यावर गेलेला माणूस. नानांच्या अंगणात असेच बोंबील वाळत असत आणि सुटीत गेलो की आमच्या कपड्यांना महिनाभर तोच वास यायचा. फोन करणारा मामेभाऊ त्याच नानांचा नातू. आम्ही त्यांना नाना म्हणायचो, तो दादा म्हणायचा, एवढाच फरक. त्या अंगणातून निघालेले पोर नवव्या मजल्यावर पोहोचले आणि अंगणाविरुद्ध अर्ज देऊ लागले. हे कसे घडते, हाच या वेळचा आमचा विषय आहे.

बाजारात एका मावशींकडून आम्ही वर्षानुवर्षे मासळी घेतो. त्यांच्या ओळखीने किनाऱ्यावर दोन-तीन नाखव्यांशी बोलणे झाले. आम्ही विचारले, "दिवसाच्या कमाईचे काय करता?" एकाने सांगितले, "आधी डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च वजा करायचा. उरेल त्याचे वाटे. काही वाटे बोटीचे, काही जाळ्याचे, बाकीचे माणसांचे. मासळी मिळाली तर सगळ्यांना, नाही मिळाली तर कोणालाच नाही." सगळीकडे आता ही पद्धत राहिलेली नाही, हेही त्यानेच सांगितले. दूरच्या राज्यांतून आलेले खलाशी ठरलेल्या पगारावर हंगाम काढतात, त्यांना वाटा नसतो. बोट ज्याची, तो मालक. अंग ज्याचे, तो नोकर. तेव्हा कोळीवाडा म्हणजे समतेचे नंदनवन आहे असे आम्ही म्हणत नाही. गरीब वस्तीतही वरचा आणि खालचा असतोच. पण वाटा हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

नाखव्यांच्या बोलण्यात दुसरा शब्द वारंवार येत होता, तो म्हणजे पूल. वांद्रे ते वर्सोवा असा सागरी सेतू बांधण्याचे काम चालू आहे. जोडरस्ते धरून त्याची लांबी साधारण सतरा किलोमीटर. तो दांड्याच्या समोरच्या पाण्यातून जातो. दांडा, जुहू, वेसावे इथल्या मच्छीमारांनी त्याला वेळोवेळी विरोध नोंदवला आहे. त्यांचे म्हणणे समजायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर डोल जाळ्याची जुनी रीत आहे. हे जाळे पिशवीसारखे असते आणि ठरलेल्या जागी पाण्यात बांधून ठेवतात. भरती-ओहोटीचा ओघ मासळी त्यात आणून टाकतो. सगळा धंदा त्या ओघाच्या दिशेवर. मधे खांब आले की ओघ बदलतो, बोटीची वाट अडते आणि लाट उसळली की खांबावर बोट आपटण्याची भीती. ओहोटीला खडकांवर कालवे काढणाऱ्या बायका तर कोणत्याच नोंदीत नसतात. बोटीचा परवाना असतो. कालवे काढण्याचा, कोळंबी सोलण्याचा, बोंबील वाळवण्याचा परवाना कोणी पाहिला आहे? ज्याचा कागद नाही त्याची भरपाई कशी मोजायची?

येथे प्रश्न येतो, आणि तो प्रामाणिक आहे: मग विकास नको का? पूल काय कोणा एकाच्या बापाचा आहे? रस्ता सगळ्यांचाच ना?

सगळ्यांचाच, असे आम्हीही समजत होतो. पण २००९ साली खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतू पाहा. त्यावर रिक्षाला बंदी, मोटारसायकलला बंदी, सायकलला बंदी, पायी माणसाला बंदी. किनारी रस्त्यावरही दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत. सुरक्षेचे कारण दिले जाते, ते खरेही असेल. पण परिणाम काय झाला ते बघा. पैसा सगळ्या जनतेचा, पाणी कोळ्यांचे आणि रस्ता मुख्यतः मोटारवाल्यांचा. दांड्याची मावशी पाटी घेऊन त्या रस्त्यावरून कधी जाणार आहे? तिच्या मुलाची स्कूटरसुद्धा जाणार नाही. लोकलमध्ये लोंबकळणारी लाखो माणसे त्या पुलाकडे गाडीच्या दारातून बघणार.

दुसरे उत्तर असे दिले जाते की तांत्रिक गोष्टींत मच्छीमारांना काय कळते, आराखडा एकदा झाला की झाला. वरळीचे उदाहरण याला पुरेसे आहे. किनारी रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमधून वरळीच्या बोटी जाणार होत्या. मूळ आराखड्यात ते अंतर ६० मीटर होते. कोळी म्हणाले, वाऱ्यापावसात बोटी यातून सुखरूप जाणार नाहीत, २०० मीटर हवे. सांगण्यात आले की बदल शक्य नाही. कोळ्यांनी काम अडवले, माघार घेतली नाही, आणि शेवटी एक खांब रद्द करून ते अंतर १२० मीटर करण्यात आले. २०० नाही, १२०. पण अशक्य होते ते शक्य झाले. याचा अर्थ आराखडा आकाशातून उतरलेला नव्हता. तो काढताना कोणाची गाडी किती वेगाने जाईल हे कोणीतरी मोजले होते, आणि कोणाची बोट कशी जाईल हे मोजायचे राहून गेले होते. अशा गोष्टी नेहमी एकाच बाजूच्या राहून जातात, हे आपल्या लक्षात यायला हवे.

आता दांड्याच्या जमिनीचे पाहू. मासळी वाळवायची जागा, जाळी पसरायची जागा, बोटी ओढायची जागा ही कोणा एकाची नसते, वाड्याची असते. तिला सातबारा नाही, प्रॉपर्टी कार्ड नाही. कागदाच्या राज्यात जी जमीन एकाची नाही ती मोकळी समजली जाते. मोकळी जमीन म्हटले की बिल्डरला घाई होते. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत मुंबईतल्या कोळीवाड्यांची नोंद करून त्यांचे नकाशे वेगळे करावेत अशी खास तरतूद होती. कोळीवाड्यांच्या सीमा आखून द्या, ही मागणी त्याआधीपासून आजपर्यंत चालूच आहे. उलट अनेक ठिकाणी कोळीवाड्याचीच गणना झोपडपट्टीत होऊ लागली. शहराच्या आधीपासून इथे राहणारा माणूस शहराच्या कागदावर अतिक्रमण करणारा ठरतो. २०१९ ला नवी अधिसूचना आली. तिने किनाऱ्याजवळच्या शहरी भागात १९९१ पासून गोठवलेला चटई निर्देशांक मोकळा केला, म्हणजे उंच इमारतींची वाट रुंद झाली. सीमा आखायला वर्षे लागतात, चटई निर्देशांक वाढायला एक कागद पुरतो.

हे काही दांड्यापुरते नाही आणि आजचेही नाही. इंग्लंडमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकात गावांची सामायिक कुरणे कायदे करून कुंपणात घातली गेली आणि तिथला शेतकरी गिरणीत मजूर झाला. १८४१ मध्ये जर्मनीतल्या ऱ्हाइन प्रांतात जंगलात पडलेली वाळकी लाकडे वेचणे ही चोरी ठरवण्याचा कायदा चर्चेला आला. बापजाद्यांपासून सरपण वेचणारे लोक एका दिवसात चोर ठरणार होते. कार्ल मार्क्स तेव्हा तरुण पत्रकार होता. या प्रश्नावर त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिले, आणि गरिबांच्या पोटापाण्याच्या प्रश्नांकडे तो वळला तो इथून. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या सुमारास 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यातही हीच तक्रार आहे: जंगल खात्याने गावची कुरणे आणि रान घशात घातले, शेतकऱ्याच्या गुरांना चरायला जागा राहिली नाही. जर्मनीत लाकूड, महाराष्ट्रात कुरण, दांड्याला पाणी. सामायिक होते ते आधी कोणाचेच नाही असे ठरवायचे, मग ज्याच्याकडे पैसा त्याचे करायचे. भांडवलशाही म्हणजे फक्त गिरणीचा मालक आणि मजूर नव्हे, ही रीतसुद्धा भांडवलशाहीच आहे.

आणि समुद्राचे तर दोन भाव झाले आहेत. मामेभावाच्या खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राला दर चौरस फुटामागे किंमत आहे, तिची नोंद आहे, तिच्यावर बँक कर्ज देते. त्याच समुद्रात बोट घेऊन जाणाऱ्याच्या हक्काला कागद नाही. दिसणे ही मालमत्ता झाली आणि राबणे ही सवलत. मामेभाऊ म्हणाला होता, "भाईजान, आम्ही पैसे मोजलेत." खरे आहे. पण पैसे त्याने बिल्डरला मोजले. समुद्र बिल्डरचा नव्हता.

आमच्या वाचकांपैकी काहींना वाटेल, ही सगळी लाल बावट्याची भाषा झाली, आपल्या घरात तिचे काय काम? त्यांना आम्ही शाहीर अमर शेखांची आठवण करून देऊ. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल. मराठी कामगार त्याला अमर शेख म्हणून ओळखत आणि तो गायला उभा राहिला की मैदाने भरत. तो परका नव्हता, आपल्याच घरातला होता.

आणि त्याच्याही फार आधीची एक गोष्ट आहे. हजरत उमर (रजि.) खलीफा असताना काही कुरणे राखीव करण्यात आली होती. त्यांना हिमा म्हणत. एका हिमावर त्यांनी हुनय नावाच्या आपल्या माणसाला नेमले आणि बजावले की ज्यांच्याकडे मोजकेच उंट आणि मोजक्याच मेंढ्या आहेत त्यांना आत येऊ दे. इब्न औफ आणि इब्न अफ्फान यांच्या कळपांना मात्र आत घेऊ नकोस. हे दोघे कोणी ऐरेगैरे नव्हते. मोठे सहाबी होते, श्रीमंत होते. उमर यांनी दिलेले कारण लक्ष देण्यासारखे आहे. या दोघांची जनावरे मेली तरी त्यांना परत जायला खजुरीच्या बागा आहेत, शेते आहेत. थोडक्या मेंढ्या असलेल्याची जनावरे मेली तर तो बायकापोरे घेऊन खलिफाच्याच दारात येईल, त्याला दुसरे दार नाही.

या हुकमात सगळ्यांना सारखे असे म्हटलेले नाही. सगळ्यांना सारखे म्हटले असते तर मोठ्या कळपांनी आठवड्यात कुरण फस्त केले असते. सामायिक गोष्टीवर पहिला हक्क त्याचा, ज्याला दुसरे दार नाही. आम्हाला विचाराल तर विषमतेचा सगळा प्रश्न या एका कसोटीत येतो. मोटारवाल्याला पूल नसेल तर रस्ता आहे, रस्त्यावर अर्धा तास जास्त जाईल. फ्लॅटवाल्याला वास आला तर खिडकी आहे, ती लावता येते. दांड्याच्या नाखव्याला समुद्र नसेल तर काय आहे? आपली व्यवस्था याच्या बरोबर उलट विचारते. तुझ्याकडे आधीच काय आहे ते दाखव, मग आणखी देतो.

त्याचा हिशेबही समोर आहे. विषमतेचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने २०२४ मध्ये भारताच्या शंभर वर्षांच्या आकड्यांचा अहवाल दिला. थॉमस पिकेटी त्यात होते. २०२२-२३ मध्ये देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाची ४०.१ टक्के संपत्ती होती आणि उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा होता. वाटा हा शब्द इथे परत आला. दांड्याच्या बोटीवर शंभर माणसे असती आणि एकाने चाळीस टोपल्या उचलल्या असत्या तर त्याला कोणी बोटीवर ठेवले असते का? देशात मात्र त्याला यशस्वी म्हणतात. सरकारने १९८५ मध्ये वारसा संपत्तीवरचा कर काढून टाकला, २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्ती कर काढून टाकला, २०१९ मध्ये कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. हे निसर्गाने केले नाही, नशिबानेही केले नाही. माणसांनी सही करून केले. जे सही करून होते ते सही करून बदलताही येते.

दुसऱ्यांकडे बोट दाखवताना आपले घरही झाडायला हवे. मालक नसलेली, गरिबांसाठी ठेवलेली मालमत्ता आपल्याकडेही आहे, तिला आपण वक्फ म्हणतो. मुंबईत अल्टामाऊंट रोडवर करीमभाई इब्राहिम खोजा यतीमखान्याची जागा होती. अनाथ मुलांसाठी दान दिलेली. ती २००२ मध्ये सुमारे एकवीस कोटी रुपयांना विकली गेली आणि तिच्यावर आज देशातल्या सर्वांत श्रीमंत कुटुंबाचा सत्तावीस मजल्यांचा मनोरा उभा आहे. या व्यवहाराचा वाद कोर्टात गेला. कोर्टाचे कोर्ट बघेल. आमचा प्रश्न एवढाच की त्या शहरात यतीम मुलांना दुसरे दार होते का?

नानांच्या मिरकरवाड्याचेही सांगायला हवे. तिथे पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या यांत्रिक बोटी आल्या. एकच बोट मासळीचा अख्खा थवा वेढून उचलते आणि लहान जाळेवाल्याच्या हाती रिकामे पाणी येते. २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांचा झगडा मिटलेला नाही. त्या झगड्यात दोन्ही बाजूंना आपले लोक आहेत. मालकही आपला आणि उपाशी राहणाराही आपला. तेव्हा पैसा कोणत्या धर्माच्या हातात आहे यावरून न्याय ठरत नाही. आणि आमच्याच नात्यागोत्यात दालदी म्हटले की नाक मुरडणारी घरे होती, सोयरीक नको म्हणणारी होती, हेही आम्ही विसरलेलो नाही. दुर्गंधीचा अर्ज आज सोसायटीने दिला, अम्मीच्या लग्नाच्या वेळी तो आपल्याच माणसांनी तोंडी दिला होता.

आता मामेभावाकडे येऊ. दांड्याहून आम्ही थेट त्याच्या घरी गेलो. चहा झाला. आम्ही म्हणालो, "अर्ज नाही लिहिणार. तूही सही करू नकोस." तो गप्प बसला. मग म्हणाला, "सही कधीच झाली. मसुद्याआधीच कोऱ्या कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्यात."

आम्ही विचारले, "तुला घर शोधताना काय झाले होते ते आठवते का?" त्याला आठवत होते. चार इमारतींनी त्याला नाव ऐकून परत पाठवले होते. एका ठिकाणी तोंडावर सांगितले की तुमच्याकडे मांसमच्छी शिजते, वास येतो, बाकीच्यांना चालणार नाही. त्या रात्री त्याने आम्हालाच फोन केला होता आणि बराच वेळ बोलला नव्हता.

"आठवते," तो म्हणाला. "म्हणूनच सही केली, भाईजान. इमारतीत मी एकटा. मी नाही म्हटले असते तर काय म्हणाले असते? बघा, हा त्यांचाच. पोरांना लिफ्टमध्ये कोणी बोलले नसते. तुम्ही लिहून मोकळे होता, मला तिथे राहायचे आहे."

या बोलण्याला आमच्याकडे चटकन उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. त्याची भीती खोटी नाही. पण ही भीती कोणाच्या कामाला येते ते पाहा. ज्या दारावरून त्याला चार वेळा हाकलले, त्याच दारात आत घेतल्यावर त्याला पहारा द्यायला उभे केले. जो शेवटी आत आला, त्याच्याकडूनच पुढच्याला अडवायचे. वरच्यांना स्वतः काही बोलावेच लागत नाही. मजूर मजुराला अडवतो, भाडेकरू झोपडीवाल्याला, मुसलमान कोळ्याला, कोळी परप्रांतीय खलाशाला. विशेषाधिकार म्हणजे केवळ पैसा नव्हे. आपल्याला मिळालेली जागा कोणाच्या तरी पाठीवर पाय ठेवून टिकवावी लागणे आणि ते आपल्याला दिसेनासे होणे, हाही विशेषाधिकारच. आम्हीही त्यातून सुटलेलो नाही. आमच्या राहत्या फ्लॅटची किंमत आमच्या कोणत्याही मेहनतीशिवाय, रस्ता आला म्हणून वाढली. ती वाढ आम्ही नाकारलेली नाही. त्याच रस्त्यापायी घरभाडे परवडेनासे होऊन आमच्याकडे कामाला येणारी बाई नालासोपाऱ्याला राहायला गेली आणि पहाटे चारला उठू लागली. तिच्या पगारात आम्ही थोडी भर घातली आणि समाधान मानले. ती खैरात झाली. न्याय करायचा तर आधी हिशेब मांडावा लागतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही अर्ज लिहिला, पण वेगळा. पत्ता सोसायटीच्या सेक्रेटरींचा. त्यात पाच ओळी आहेत. ही वस्ती आपल्या इमारतीच्या आधीची आहे. मासळी वाळवणे हा तिचा धंदा आहे, उपद्रव नव्हे. कचरा आणि सांडपाण्याची खरी अडचण असेल तर महापालिकेने वस्तीला गटार, पाणी, बर्फाची आणि वाळवणीची नीट सोय करून द्यावी, अशी मागणी आपण वस्तीबरोबर मिळून करू. कोळीवाड्याची सीमा आखून द्यावी या मागणीला आपला पाठिंबा असावा. पूर्वीच्या अर्जावरची माझी सही मी मागे घेत आहे.

खाली सहीची जागा मोकळी ठेवून तो कागद आम्ही मामेभावाला पाठवला आहे. त्याच्यावर आम्ही जबरदस्ती करू शकत नाही आणि करणारही नाही. त्या लिफ्टमधून आम्हाला जायचे नाही, त्याला जायचे आहे. एवढे मात्र त्याला सांगितले की सेक्रेटरीकडे जाताना एकटा जाऊ नकोस, आम्ही बरोबर येतो. दांड्याच्या मावशींनाही विचारले. त्या म्हणाल्या, "बोलवा, मी पण येते. नवव्या मजल्यावरून आमचा दर्या कसा दिसतो ते तरी बघू द्या."

वाचकहो, तुमच्याही घरी असा एखादा अर्ज येईल. फेरीवाले हटवा, झोपड्या हटवा, भाडेकरू नकोत, अमक्या समाजाचे नकोत, वास येतो, आवाज येतो. त्यावर सहीसाठी पेन पुढे केले जाईल आणि सगळ्यांनी केली आहे असे सांगितले जाईल. त्या वेळी एकच प्रश्न विचारा: ज्याच्याविरुद्ध हा कागद आहे, त्याला दुसरे दार आहे का? असेल तर बेधडक सही करा. नसेल तर पेन परत द्या, आणि शेजाऱ्यांपैकी आणखी एकाला तरी तसेच करायला सांगा.

मामेभावाचा फोन अजून आलेला नाही. कागद त्याच्याकडे आहे.